पितर मीटरवर चालत नाहीत

हिंगणघाटच्या एका कापूस जिनिंगच्या आवारात त्या रविवारी दोनशे माणसं एका काचेच्या हृदयाकडे बघत होती. हृदय आतून लाल पेटलं होतं. त्याच्यासमोर छातीवर हात ठेवून बंडूजी बसले होते आणि पलीकडे गालिच्यावर मांडी ठोकून जनुकनाथ महाराज.

महाराजांचं शास्त्र सुटसुटीत होतं. शरीराच्या पोथीतली, म्हणजे डीएनएतली, बहुतेक पानं ओसाड असतात, हे डॉक्टरही कबूल करतात. त्या पानांत पितर मुक्कामाला येतात आणि हृदय धरतात. काचेच्या हृदयात दिवा लागला की पितर हजर. सात रविवार दोरा बांधला की रवाना. तोवर गोळ्या बंद, कारण पितरांना गोळ्या सोसत नाहीत.

बंडूजींचे दोन्ही थोरले भाऊ पन्नाशीच्या आत हृदयविकारानं गेले होते. तरी आठ दिवसांपासून त्यांनी हृदयाची रोजची गोळी घेतली नव्हती. म्हणून त्यांची मुलगी रक्षा पुढे आली. ती याच जिनिंगमध्ये वायरमन.

“महाराज, करंट कुठून येते ते पाहू द्या.”

“पाहून घे, पोरी. पितर मीटरवर चालत नाईत.”

जिनिंगची एक रीत आहे. बिघाड शोधताना वायरमन एकेक फ्यूज काढतो आणि मशीनपाशी उभे असलेले ओरडतात. चालू असेल तर ‘हाय’, थांबलं तर ‘गेलं’. गर्दीत निम्मे कामगारच होते. रक्षानं हृदयाजवळचं बटण बंद केलं. सवयीनं आवाज उठला, ‘हाय’. माइकचा फ्यूज काढला, ‘हाय’. शेवटी मेन स्विच पाडला. पंखे थांबले, माइक मुका झाला, हृदय पेटलेलंच. ‘हाय’ म्हणता म्हणता लोकांचे हात जोडले गेले.

“एकच बंद कराचं राह्यलं,” रक्षा म्हणाली. “महाराज, उठा.”

महाराजांनी आधी तपोभंगाची भीती घातली, मग पायाला मुंग्या आल्याचं सांगितलं. दोन हमालांनी त्यांना अदबीनं उचललं.

“गेलं!” सगळ्यांच्या आधी बंडूजीच ओरडले. जिनिंगमधली पस्तीस वर्षांची सवय.

गालिच्याखाली, महाराजांच्या डाव्या गुडघ्याच्या जागी, दारावरच्या घंटीचं बटण होतं. शेजारी मोटरसायकलची बॅटरी, आणि तिथून हृदयापर्यंत वायर.

बंडूजी रक्षाकडे वळले. “मंग ते ओसाड पानं बी खोटेच?”

“पानं खरे हायत, बाबा. सगळे ओसाड नाईत. तिथं जीन, म्हंजे जनुकं, नाई, पण जीनचे बटनं हायत. हृदयविकाराचा धोका वाढवणारे माणसामाणसातले लय फरक तिथंच सापडले, असं डॉक्टर सांगत होते. कोणतं बटन कोणत्या जीनचं, ते जवळ पाहून समजत नाई. कधी ते लय दूरच्या जीनचं असते. म्हणून संशोधकही एकेक बटन बंद करून पाहून राह्यले.”

“अन् सापडेपर्यंत?”

रक्षानं गोळी आणि पाण्याचा गिलास पुढे केला. बंडूजींनी आधी मनगटावरचा दोरा तोडला, मग गोळी घेतली.

वाचकांना एवढंच सांगणं: चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी एकेक गोष्ट बंद करून बघा. महाराजांनाही वगळू नका.