आईच्या मनगटावरचा पट्टा

खोटं कशाला बोलू? मी आळशी. पेणच्या कॉलेजात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला, पण घरी आलो की बाजेवर पडून रील बघायचं, बास. अंगठा सोडला तर माझ्या अंगातलं काय हलत नव्हतं.

त्यात सरांनी टूम काढली. मनगटावर पावलं मोजणारा पट्टा बांधा, रोज दहा हजार पावलं चाला, संध्याकाळी आकडा ग्रुपवर टाका. चालणार कोण? आमचा हमरापूरला अंगणातच गणपतीचा कारखाना. आई दिवसभर मूर्ती उचलून इकडून तिकडे नेते. पट्टा तिलाच बांधला.

"ह्यानं काय होतं रे निकेश?"

"मला मार्क मिळतात."

"मग असू दे," म्हणाली. पुन्हा कधी काढला नाय तिनं. रंगाचे हातसुद्धा पट्टा सांभाळून धुवायची.

मी वर्गात पहिला. ग्रुपवर टाळ्याच टाळ्या. लाज तर केव्हाच कोळून प्यायलो होतो.

ऑगस्टात ऑर्डरी वाढल्या आणि माझ्या फोनवर त्या पट्ट्याची एक लाल सूचना यायला लागली, 'हृदयाचे ठोके अनियमित'. ऐन रीलच्या मधे यायची मेली. मी सरकवून टाकायचो, दिवसाला दोन-तीनदा. अरे, आई दहा पावलांवर होती! खिडकीतनं दिसत होती.

त्या दुपारी तिनं हाक मारली. "निकेश, एवढी मूर्ती धर जरा. छातीत कसंतरी होतंय."

"आलो," म्हणालो. ते रील संपलं की उठणारच होतो. संपलं, तर दुसरं लागलं.

मग मूर्ती फुटल्याचा आवाज आला.

बाबांनी तिला टेम्पोत घालून पेणला नेलं. डॉक्टरांनी पट्टा बघितला आणि माझा फोन मागितला. ॲप उघडून बराच वेळ बघत राहिले.

"बारा दिवस हा सांगतोय. कोणीच बघितलं नाही?"

बाबा माझ्याकडे बघायला लागले.

तासाभरात आई गेली. नर्सनं पट्टा आणि फोन माझ्या हातात दिला. पट्ट्याला गुलाबी रंग तसाच होता, त्या दिवशी तिला हात धुवायला मिळालेच नाहीत. मी बाकावर बसून ढसाढसा रडलो. ते रडणं खरं होतं, देवाशपथ.

रडता रडता फोन थरथरला.

बाबांनी तो हिसकावून घेतला तेव्हा मला कळलं, मी रील बघत होतो.