भांडं आधी आलं

सुरुवात ॲस्पिरिनपासून झाली. ड्वेनच्या सात कप्प्यांच्या डबीत दर रविवारी मीच गोळ्या भरते. रक्तदाबाची एक, कोलेस्टेरॉलची एक, ॲस्पिरिन एक. त्या रविवारी डबी उघडली तर बाकीच्या संपलेल्या आणि सातही ॲस्पिरिन जागच्या जागी. विसरणारा माणूस सगळंच विसरतो, असा वेचून विसरत नाही.

मी विचारलं नाही. तीस वर्षांच्या संसारात एक कळलंय, की नवऱ्याला पटकन विचारलं तर तो सुचेल ते खोटं सांगतो, आणि पुढे त्या खोट्याला आपल्यालाच जेवू घालावं लागतं. म्हणून नुसती बघत राहिले.

मंगळवारी तो शेजारच्या हार्लनबरोबर डुलूथ शहरात गेला. बर्फगाडीचा पट्टा आणायचाय म्हणाला. पट्टा काही आला नाही. कोटाला दवाखान्यात हातावर चोळतात त्या औषधाचा वास होता, आणि पिशवीत तीन नव्या चड्ड्या. लग्नापासून या माणसाने स्वतःची चड्डी स्वतः विकत घेतलेली नाही. गुरुवारपासून फोन टेबलावर पालथा ठेवायला लागला. आणि गोठलेल्या तळ्यावरच्या आमच्या खोपटात मासे धरायला जायचा तर बर्फगाडी सोडून चालत. शून्याखाली वीस, जाऊन-येऊन तीन मैल. संध्याकाळी परत यायचा तो रिकाम्या हातांनी.

आता तळ्याकाठी आमिषाचं दुकान आहे टॅमीचं. टॅमीचा दोन वर्षांपूर्वी घटस्फोट झाला, आणि तेव्हापासून ती केसांना नाना रंग लावते. मी शुक्रवारी तिच्याकडे गेले आणि गरज नसताना गळाला लावायच्या दोन डझन जिवंत मासोळ्या घेतल्या. तिचा चेहरा नीट बघायला मिळावा, एवढ्यासाठीच.

"ड्वेन बरा आहे ना गं?" तीच म्हणाली. "महिना झाला, आमिष न्यायला आला नाही. तळ्यातले मासे उपासाने मरतील."

तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. मी मासोळ्यांची बादली गॅरेजमध्ये ठेवली आणि तिथेच उभी राहिले. आमिष नाही, म्हणजे गळही टाकत नाही. मग बर्फावरच्या खोपटात हा माणूस दिवसभर करतो काय?

शनिवारी दुपारी मॅव्हिसबाई आल्या. हार्लनची बायको. लहानपणी रविवारच्या शाळेत त्यांनी आम्हाला शिकवलं, म्हणून माझ्यासाठी अजून त्या बाईच. हातात टॉवेलात गुंडाळलेलं हॉटडिशचं भांडं. खिमा, घेवडा, वर कॉर्नफ्लेक्सचा थर, सगळं ओव्हनमध्ये एकत्र भाजलेलं. बाकी सगळा गाव वर बटाट्याचे गोळे लावतो, कॉर्नफ्लेक्स फक्त त्या.

इथे एक सांगायला हवं. चर्चची जेवणाची वही अकरा वर्षं माझ्याकडे आहे. कुणाचा खुबा बदलला, कुणाला बाळ झालं, कुणाच्या घरचं माणूस गेलं, की कुठल्या दिवशी कुणी भांडं न्यायचं ते मी लिहिते. माझ्या वहीशिवाय गावात हॉटडिश हलत नाही.

"हे कुणाकडे द्यायचंय?" मी विचारलं.

"अगं, तुमच्याकडेच. तू काही स्वतःचं नाव वहीत घालणार नाहीस. नाताळच्या नाटकातसुद्धा मेंढीच व्हायचीस तू."

भांडं गरम होतं. मी ते छातीशी धरून उभी.

"ड्वेनला बसता येतंय ना?" त्या म्हणाल्या. "हार्लन चार दिवस उशी घेऊन हिंडला होता. आणि लघवी लाल दिसली तरी घाबरू नको म्हणावं. आधी आठवडाभर ॲस्पिरिन बंद ठेवली तरी बारा सुया टोचल्यावर थोडं रक्त जाणारच. बायोप्सीचा निकाल आला का?"

"यायचाय," मी म्हटलं. कुठला आवाज वापरला कुणास ठाऊक.

"प्रोस्टेटचं बहुतेकांचं सावकाश असतं गं. हार्लनला सहा वर्षं झाली, अजून माझं डोकं खातोय." मग त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुला माहीत होतं ना, रोंडा?"

"म्हणजे काय, बाई."

वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी मी रविवारच्या शाळेच्या बाईंशी दारात उभं राहून खोटं बोलले. आणि खरं सांगते, दार लावल्यावर पहिल्यांदा मनात आलं ते 'म्हणजे टॅमी नाही'. त्याची लाज वाटायला मिनिटभर लागलं.

जेवायला ते भांडंच मधोमध ठेवलं. ड्वेन एका कुल्ल्यावर बसला, झाकण उचललं आणि कॉर्नफ्लेक्सकडे बघत राहिला.

"मॅव्हिस आली होती?"

"आपल्याकडे कुणीतरी आजारी आहे म्हणे. वहीत काही दिसत नाही पण."

"हार्लनच्या तोंडात तीळ भिजत नाही."

"हार्लनचं सोड. तुझ्या तोंडात इतके दिवस काय भिजत होतं?"

त्याने चमचा खाली ठेवला. "रक्ताच्या तपासणीत आकडा वाढलेला निघाला. तुला सांगितलं असतं तर तू वही काढली असतीस."

"मदतीसाठीच असते ती."

"तू नावं कशी खोडतेस, बघितलंय मी. माणूस बरा झाला तरी एक आडवी रेघ, गेला तरी तीच आडवी रेघ. पट्टी लावून. ऑर्व्हिल गेल्यावर त्याचं नाव खोडलंस तेव्हा मी समोर कॉफी पीत होतो."

रेघ सरळ यावी म्हणून मी पट्टी लावते, एवढंच.

"आणि खोपटात काय करतोस?"

त्याने पालथा फोन सुलटा केला. "निकाल गुरुवारीच यात आलाय. डॉक्टर सोमवारी बोलणार. रोज तिथे जाऊन बसतो, म्हणतो आज उघडू. मग गळ टाकायच्या भोकावर बर्फ धरतो आणि मी घरी येतो." त्याने फोन माझ्याकडे सरकवला. "तूच वाच. आवाज मात्र साधा ठेव."

मी चष्मा पुसला. बारा तुकडे तपासलेले. दहा स्वच्छ. दोनांत कॅन्सर. तो शब्द मी तिथल्या बाकीच्या शब्दांइतक्याच आवाजात वाचला. मग, सगळ्यात खालच्या पायरीचा, सौम्य. त्याखाली डॉक्टरांच्या दोन ओळी: घाई नाही, आत्ता शस्त्रक्रिया नको, ठरावीक महिन्यांनी रक्त तपासू आणि लक्ष ठेवू. सोमवारी बोलू.

"म्हणजे आहे," ड्वेन म्हणाला.

"आहे. थोडा. सोमवारी मी पण ऐकणार, स्पीकरवर."

"बरं."

त्याने हात पुढे केला. मला वाटलं माझा हात हवाय, म्हणून दिला. त्याला मीठ हवं होतं, पण हात सोडला नाही. डाव्या हाताने मीठ घेतलं, निम्मं टेबलावर सांडलं.

"वहीत लिहिणार?" त्याने विचारलं.

"नाही. जे नाव मला खोडवणार नाही, ते मी वहीत लिहीत नाही."

"आणि हे भांडं? रिकामं कसं द्यायचं परत?"

"उद्या मासे धर. मीही येते, चालत. गॅरेजमध्ये दोन डझन मासोळ्या आहेत बादलीत."

त्याचा घास थांबला. "मासोळ्या? तुझ्याकडे?"

"स्वस्त मिळाल्या," मी म्हटलं.

"टॅमीकडे?" तो म्हणाला, "टॅमी कधी काही स्वस्त देते?" आणि आठवडाभर मी त्याच्याकडे जशी बघत होते, अगदी तसाच माझ्याकडे बघत राहिला.