उताराची गाडी

बाळू मेकॅनिकनं बॉनेट वर केलं, बॅटरीकडं बघितलं आणि विचारलं, “मामा, ही गाडी चालू कशी करता वो तुमी?”

“उतारानं,” कारभारी म्हणाला. जणू सगळं जगच उतारानं चालू होतं.

परळीच्या औष्णिक वीज केंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर जन्म काढलेला हा माझा शेजारी. त्याची जुनी मारुती किल्लीला कधी दाद देत नसे. मग तो ती उतारावर लावी, ब्रेक सोडी आणि घरंगळली की गिअर टाकी. परळीच्या कुठल्या गल्लीत लिंबू ठेवलं तर कुठं जाऊन थांबेल, हे त्याला तोंडपाठ. दातांचा डॉक्टर सपाटीवर होता, म्हणून यानं उतारावरच्या जनावरांच्या डॉक्टराकडून दाढ काढून घेतली. डोकं मीच धरलं होतं.

फक्त लेकीच्या घरी तो गेला नव्हता. पंचशीला उमापूरला दिलेली. पाठवणीच्या वेळी हा बोलून बसला, येईन तर माझ्या गाडीतच येईन. आणि उमापूर भाकरीसारखं सपाट. परत निघताना गाडी ढकलणार कोण? जावई आणि व्याही. ते घाम गाळतायत आणि आपण आत बसलोय, हे त्याला सोसेना. लेक माहेरी आली की कधी येता म्हणून विचारायची आणि हा बॅटरीला शिव्या द्यायचा. बॅटरी बदलून झाली होती, तरी तेच.

बाळूनं तारेच्या टोकावरचा पांढरा थर खरवडला. “हे काय हाय?”

“राख. परळीत दुसरं काय असतंय पांढरं?”

“राख न्हाई मामा, क्षार हाय. बॅटरी बदलली, ह्या क्लिपा कुनी घासल्याच न्हाईत. करंट जाईल कुठून?”

त्यानं गरम पाण्यात खायचा सोडा घालून टोकं घासली, घट्ट आवळली, वर व्हॅसलीन लावलं. कारभारीनं किल्ली फिरवली. गाडी जागेवरच चालू झाली. हसायचं सोडून तो नुसताच स्टिअरिंग धरून बसला.

दुसऱ्या दिवशी आम्ही उमापूरला निघालो. वाटेत चहाला थांबलो, तरी यानं इंजिन बंद केलं नाही.

सपाट गावात पंचशीलेच्या घरापुढं तेवढं एक मुरमाचं टेकाड होतं. अंगणातून रस्त्याकडं उतरणारं, गवतानं भरलेलं.

“हे कशापायी गं?” कारभारीनं विचारलं.

“तुमच्या गाडीसाठी, आबा. लग्न झालं त्याच साली टाकून घेतलं.”

त्यानं गाडी अंगणाच्या बाजूनं टेकाडावर चढवली. मगच तो जेवायला बसला.

निघताना त्यानं किल्ली अर्धीच फिरवली आणि ब्रेक सोडला. गाडी हलकेच खाली निघाली. मागं गवतात चाकांच्या पहिल्याच दोन रेघा उमटल्या.