गाडी उशिरा सुटण्याचं कारण

"तुमच्या त्या मृदुलापुढचा माइक काढून घ्या," भय्यासाहेब म्हणाले, "आणि मग गायला लावा. तिसऱ्या रांगेपर्यंत आवाज पोचला तर नाव बदलीन माझं."

"आणि तुमच्या मास्टर गुणवंतांच्या पुढे माइक ठेवून बघा," रजनीबाई म्हणाल्या. "माइकच फुटून जाईल."

डब्यात हशा पिकला. फलाटावर उभे राहून खिडकीचा गज धरलेले श्रीनाथ गार्डही हसले. मग त्यांनी घड्याळ पाहिलं, शिट्टी वाजवली, हिरवी झेंडी हलवली आणि लगबगीनं शेवटच्या, गार्डच्या डब्यात चढले. भय्यासाहेबांनी काय उत्तर दिलं ते त्यांना कळलं नाही. पुढच्या स्टेशनवर उतरून ते खिडकीशी आले, तोवर वाद भलतीकडेच गेला होता.

उज्जैन ते आगर ही छोटी लाइन. इंजिन खेळण्यातल्यासारखं आणि चाल अशी, की भैरवगढच्या पुढे एखादा बैलगाडीवाला हट्टाला पेटला तर फर्लांगभर बरोबरीनं यायचा. श्रीनाथराव पोतनीस या गाडीवर नऊ वर्षं गार्ड होते. नोकरीला लागले तेव्हा कोटावर संस्थानची बटणं होती. संस्थान विलीन झालं, मध्य भारत झाला, गाडी केंद्राच्या रेल्वेत गेली, बटणं बदलली. पोतनीसांचा एक पूर्वज शिंद्यांच्या फडावर मोजणीदार होता म्हणे. श्रीनाथरावांच्या वाट्याला मिनिटांची मोजणी आली होती, आणि त्या मोजणीत नऊ वर्षांत चूक नव्हती.

संध्याकाळच्या परतीच्या गाडीत, गार्डच्या डब्याला लागून असलेल्या डब्यात ही मंडळी बसायची. भय्यासाहेब घट्टियाच्या शाळेत गणित शिकवायचे. उज्जैनच्या माधवनगरात राहायचे, विधुर होते, सकाळच्या गाडीनं जायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायचे. रजनीबाई घट्टियाच्याच सरकारी दवाखान्यात नर्स. वय तीसच्या आतबाहेर, बोलणं तडक. तिसरा माणिकलाल, भैरवगढचा छिपा. हाताचे ठसे मारलेल्या चादरी गावोगावच्या हाटात विकून तो गाठोड्यावर बसूनच परतायचा. त्याच्या बोटांचा निळा रंग कधी गेलेला कुणी पाहिला नव्हता.

वाद चार वर्षं चालला होता आणि तो एकच होता. भय्यासाहेबांच्या मते गाणं मास्टर गुणवंतांबरोबर संपलं. रजनीबाईंच्या मते ते मृदुलापासून सुरू झालं. मास्टर गुणवंत नाटकातले, कधीच निवर्तलेले. मृदुला सिनेमात गायची आणि तिची गाणी त्या दिवसांत प्रत्येक पानवाल्याकडे वाजायची. माणिकलाल दोघांनाही मानायचा, म्हणून दोघांच्याही शिव्या खायचा.

"मास्साब, आपने उसका एक भी गाना पूरा सुना है?" त्यानं एकदा विचारलं.

"भाताची परीक्षा शितावरून होते, माणिकलाल."

"भाताची होते," रजनीबाई म्हणाल्या. "गाण्याची नाही होत. एकदा पूर्ण ऐकून घ्या, मग बोला."

श्रीनाथरावांच्या कानी हा वाद हप्त्याहप्त्यानं यायचा, दर स्टेशनला दोन मिनिटं. मग गाडी सुटायची आणि अकरा किंवा चौदा मिनिटं ते गार्डच्या डब्यात एकटे असायचे. दाराशी उभं राहिलं की मागे पळणारे रूळ दिसायचे, कापसाची शेतं दिसायची, कुठे धूर धरून बसलेलं गाव. चाकांच्या ठेक्यावर ऐकलेलं वाक्य पुन्हा पुन्हा मनात घोळायचं. मास्टर गुणवंतांच्या नाटकाच्या तंबूत शेवटच्या रांगेत बसलेले विशीतले भय्यासाहेब त्यांना दिसायचे. गॅसबत्त्यांचा प्रकाश, आणि दुरून, माणसांच्या डोक्यांवरून अलगद येणारा आवाज. त्यांनी स्वतः मास्टर गुणवंतांना कधीच ऐकलं नव्हतं. मृदुला मात्र त्यांना आवडायची. फार आवडायची. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं.

"गार्डसाहेब, तुम्ही कुणाकडचे?" रजनीबाई विचारायच्या.

"मी रेल्वेकडचा," ते म्हणायचे.

छप्पन साली पुन्हा नकाशा बदलला. नोव्हेंबरात मध्य भारत जाऊन मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली, आणि सगळ्या खात्यांच्या याद्या नव्यानं निघू लागल्या. डिसेंबरात भय्यासाहेबांच्या हाती बदलीचा कागद आला. शहडोल. डब्यातल्या कुणालाच ते नेमकं कुठे आहे हे माहीत नव्हतं. श्रीनाथरावांनी रेल्वेच्या नकाशात बोट ठेवून दाखवलं, तेव्हा माणिकलाल बराच वेळ त्या बोटाकडे बघत राहिला.

"इतना दूर भी अपना ही प्रांत है?" तो म्हणाला.

"आता आहे," भय्यासाहेब म्हणाले.

त्याच सुमारास श्रीनाथरावांचंही नाव एका यादीत लागलं होतं. जानेवारीपासून मोठ्या लाइनीवर, पॅसेंजर गाडीवर. उषाताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, नव्या क्वार्टरच्या खिडक्या मनातल्या मनात मोजून पडद्यांचं कापडही माणिकलालकडून आणवलं होतं. धाकट्या बहिणीला इंदूरला पत्र गेलं होतं.

भय्यासाहेबांचा शाळेतला शेवटचा दिवस आला. थंडी पडली होती. संध्याकाळी घट्टियाला ते गाडीत चढले ते गळ्यातला झेंडूचा हार हातात धरून. मुलांनी घातलेला. रजनीबाईंनी त्या दिवशी वाद काढला नाही. माणिकलालनं एक चादर घडी करून त्यांच्या मांडीवर ठेवली आणि खिडकीबाहेर बघत बसला.

घट्टियाच्या पुढे एक लहानसं ठाणं होतं. फलाट म्हणजे मातीचा ओटा, टोकाला शेंदूर लावलेला मारुती, आणि मारुतीच्या मागे कुंपणापलीकडे कापसाचं जिनिंग. तिथल्या मुनीमजींनी बॅटरीवरचा रेडिओ घेतला होता आणि संध्याकाळी तो व्हरांड्यात लावलेला असायचा.

गाडी थांबली. भय्यासाहेब उतरले.

"हार घरी नेऊन काय करू," श्रीनाथरावांजवळून जाताना ते म्हणाले. "मारुतीला घालून येतो."

ते ओट्याच्या टोकाला गेले, चपला काढल्या, हार घातला, हात जोडले. आणि त्याच वेळी पलीकडून सिलोनवर गाणं सुरू झालं.

पहिल्या सुरालाच श्रीनाथरावांनी ओळखलं. मृदुलाचं नवं गाणं. आधी काही वाद्यं नाहीत, नुसता आवाज, तोही अगदी हलका, जसं कुणी झोपलेल्या मुलाच्या अंगावरून पांघरूण सारखं करावं. खिडकीतून रजनीबाईंनी मान बाहेर काढली. भय्यासाहेबांनी हात जोडलेलेच ठेवून, मारुतीकडे तोंड करूनच एक पाय चपलेत घातला होता. ते तसेच थांबले.

श्रीनाथरावांनी घड्याळ पाहिलं. दोन मिनिटं झाली होती. झेंडी गुंडाळलेली हातात होती.

इंजिनानं लहानशी शिट्टी दिली. ड्रायव्हर बाहेर वाकून मागे बघू लागला. गाणं आता पहिल्या अंतऱ्यात शिरलं होतं. जिनिंगमध्ये काम संपलं होतं, हवेत कापसाचे तंतू तरंगत होते आणि उतरतं ऊन त्यांच्यातून येत होतं. भय्यासाहेबांचा दुसरा पाय मातीवर अनवाणी होता. त्यांचं तोंड कुंपणाकडे होतं, त्यामुळे चेहरा दिसत नव्हता. फक्त जोडलेले हात हळूहळू खाली आले एवढं दिसलं.

"साब, टेम हो गया," पॉइंट्समन जवळ येऊन म्हणाला.

"मालूम है," श्रीनाथराव म्हणाले.

त्यांना सगळंच माहीत होतं. यादी माहीत होती, पडद्यांचं कापड माहीत होतं. उज्जैनला छोट्या गाडीची मोठ्या गाडीशी गाठ घालून द्यायची असते, हेही माहीत होतं. नऊ वर्षं ते प्रत्येक वाक्य अर्ध्यावर सोडून पळत आले होते. आज झेंडी हलवली, तर हा माणूस गाणं अर्ध्यावर टाकून निमूट चप्पल घालून गाडीत येऊन बसेल आणि मग शहडोलला जाईल. श्रीनाथरावांनी झेंडी काखेत धरली आणि उभे राहिले.

दुसऱ्या अंतऱ्यानंतर तो आवाज वर गेला आणि तिथेच राहिला. किती वेळ, ते सांगता येणार नाही. मग तो खाली आला, जिथून निघाला होता तिथे टेकला आणि गाणं संपलं. निवेदक काहीतरी बोलू लागला.

भय्यासाहेबांनी दुसरी चप्पल घातली. खाली बघत चालत आले आणि डब्यात चढले. गाडी चार मिनिटं उशिरा सुटली.

उज्जैन आलं. मोठी गाडी सुदैवानं स्वतःच लेट होती, कुणाची गाठ चुकली नाही. फलाटावर रजनीबाईंनी वाकून नमस्कार केला. भैरवगढला न उतरता तसाच आलेल्या माणिकलालनं भय्यासाहेबांचे दोन्ही हात आपल्या निळ्या हातांत धरले. मग भय्यासाहेब श्रीनाथरावांपाशी आले.

"गार्डसाहेब," ते म्हणाले, "त्या शेवटच्या जागी तिनं श्वास कुठे घेतला, कळलं तुम्हाला?"

"नाही."

"मलाही नाही कळलं," भय्यासाहेब म्हणाले, आणि चादर काखेला मारून टांग्यांकडे गेले.

आठवड्यानं ट्रॅफिक इन्स्पेक्टरनं श्रीनाथरावांना बोलावलं. माणूस भला होता, निवृत्तीला आलेला. समोर गार्डचं बुक उघडं होतं.

"पोतनीस, हे काय लिहून ठेवलं आहे तुम्ही? 'कारण: गाणं संपेपर्यंत थांबलो.'"

"हो साहेब."

"तुमचं नाव वर गेलेलं आहे. हे असं मी पुढे पाठवू शकत नाही. लिहून टाका, लाइनीवर गुरं आली होती. रोजच येतात."

"त्या दिवशी नव्हती आली, साहेब."

इन्स्पेक्टरनं चष्मा काढून पुसला. "कुणी मोठा माणूस होता का गाडीत?"

श्रीनाथरावांनी थोडा विचार केला. "शाळामास्तर होते," ते म्हणाले.

यादीतून नाव गेलं. घरी त्यांनी जे घडलं ते सांगितलं, वाढवून नाही आणि कमी करूनही नाही. उषाताई दोन दिवस कामापुरतं बोलल्या. तिसऱ्या दिवशी गहू निवडता निवडता त्यांनी विचारलं, "गाणं चांगलं होतं का?"

"फार."

त्यांनी गव्हातला एक खडा वेचून बाजूला टाकला. "मग लिहिलंत ते ठीक केलंत," त्या म्हणाल्या. पडद्यांच्या कापडाच्या पुढे उशांच्या खोळी झाल्या.

फेब्रुवारीत भय्यासाहेबांचं कार्ड आलं. शहडोलला साल वृक्षांची जंगलं आहेत, पाणी मानवलं, मुलं गणितात कच्ची पण गुणी आहेत. शेवटी दोन ओळी होत्या: "इथे संध्याकाळी चार सज्जन भेटतात. मी मास्टर गुणवंतांविषयी बोलतो, सगळे मान डोलावतात. कुणीच भांडत नाही. फार सुनं वाटतं."

श्रीनाथरावांनी ते कार्ड डब्यात वाचून दाखवलं. डब्यातही तेच झालं होतं. रजनीबाई मृदुलाचं एखादं नवं गाणं काढायच्या, माणिकलाल 'वाह' म्हणायचा आणि विषय तिथेच मिटायचा. श्रीनाथराव खिडकीशी यायचे आणि दोन मिनिटं रिकामी जायची. एकदा तर त्यांना रजनीबाई चक्क पेंगताना दिसल्या.

फाल्गुनातल्या एका संध्याकाळी त्या म्हणत होत्या, "यंदाच्या गाण्यात तर तिनं कमालच केली आहे. असा आवाज आजपर्यंत झालाच नाही."

"हां, वो तो है," माणिकलाल जांभई देत म्हणाला.

"झाला आहे," श्रीनाथराव म्हणाले.

दोघांनी चमकून बाहेर पाहिलं. श्रीनाथरावांचे कान तापले होते. त्यांनी घसा खाकरला. "मास्टर गुणवंतांचा झाला आहे. कानाशी येऊन गाणं सोपं असतं, रजनीबाई. तंबूतल्या शेवटच्या रांगेतल्या माणसाला आपल्याकडे बोलावून घेणं, हे निराळं आहे."

रजनीबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मृदुलाच्या त्या गाण्याच्या वेळी या माणसाचे डोळे कसे झाले होते, ते त्यांनी खिडकीतून पाहिलं होतं. त्यांच्या ओठांवर काहीतरी आलं, ते त्यांनी गिळलं. मग पदर खोचून त्या सरसावून बसल्या.

"बोलावून घेणं?" त्या म्हणाल्या. "ओरडून तर भाजीवालाही बोलावतो. तुमच्या मास्टरांनी एकदा तरी हळू आवाजात गाऊन दाखवलं होतं का? सांगा ना."

माणिकलाल गाठोड्यावर ताठ झाला. "अब बोलो, गार्ड साब."

घड्याळात वेळ झाली होती. श्रीनाथरावांनी शिट्टी वाजवली, झेंडी हलवली आणि गाडी चालू लागल्यावर गार्डच्या डब्यात चढले.

पुढच्या ठाण्याला चौदा मिनिटं होती. बाहेर गव्हाची कापणी चालली होती आणि शेतांवर धूळ सोन्यासारखी उभी होती. ते दाराशी उभे राहिले, डोळे मिटले आणि तंबूत शिरले. शेवटच्या रांगेत भय्यासाहेबांच्या शेजारी जागा होती. तिथे बसून, मास्टर गुणवंत कधी हळू गायले होते का, ते श्रीनाथराव लक्ष देऊन ऐकू लागले.