आठ घरची आठ बिस्किटं

नेदरलँड्सच्या उत्तरेला, आमच्या फ्रिसलंडमध्ये, पाहुण्यापुढे बिस्किटांचा डबा येतो, पाहुणा एक बिस्किट उचलतो आणि डब्याचं झाकण बंद होतं. कॉफी पुन्हा मिळते. दुसरं बिस्किट मागणारा अजून जन्माला यायचाय. एवढी शिस्त असताना गावात जाड माणूस असायला नको. तरी वीब्रन होता.

वीब्रन माझा शेजारी. वय एकसष्ट, वजन सत्त्याण्णव किलो. गहू त्याला बाधतो, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. लोणी बाधतं, हे त्याची पँट सांगायची.

दर ऑगस्टात गावात काठीने कालवा ओलांडायची स्पर्धा असते. लाकडी फलाटावरून धावत जायचं, पाण्यात रोवलेल्या उंच काठीवर झेप घ्यायची, ती पलीकडे कलते तोवर भराभर वर चढायचं आणि समोरच्या काठावर वाळूत उतरायचं. वीब्रन सोळाव्या वर्षापासून उडी मारत आला होता. पण गेली चार वर्षं तो पाण्यात उतरत होता, आणि सलग पाच वर्षं भिजणाऱ्याचं नाव क्लब कायमचं खोडतो.

"नव्वदच्या खाली ये," क्लबचा सचिव ऊपके म्हणाला. "काठी बिचारी काही बोलत नाही म्हणून काय झालं?"

वीब्रनची बायको हिस्के कामाला लागली. घरात काकडी, मुळा, साय काढलेल्या दुधाचा चक्का. शेजाऱ्यांकडे नवऱ्याला नुसतीच कॉफी प्यावी लागू नये, म्हणून तिने आठ घरी बिनगव्हाच्या बिस्किटांचा एकेक डबा नेऊन ठेवला. वीब्रन काकडी खात राहिला. जूनअखेर वजन भरलं अठ्ठ्याण्णव.

जुलैत हिस्केचा वाढदिवस झाला. रिवाजाप्रमाणे सगळे गोल खुर्च्या मांडून गुडघ्याला गुडघा लावून बसलो होतो.

"हिस्के, तुझा नवरा शिस्तीचा हं," समोरच्या घरातली च्यित्स्के म्हणाली. "रोज येतो, पण बिस्किट एकच घेतो."

"आमच्याकडेही एकच," तिच्या शेजारची बाउक्ये म्हणाली.

हे कौतुक खुर्चीमागून खुर्ची फिरत माझ्यापर्यंत आलं. आठवं घर माझं. मी खिडकीबाहेर बघितलं.

"आठ?" हिस्केने विचारलं.

"प्रत्येक घरी एकच!" वीब्रन खरोखर दुखावला होता. "आणि गव्हाचा कण नाही त्यात."

"गहू नाही रे राजा. लोणी आहे, साखर आहे. गहू उठून गेला, त्याच्या खुर्चीवर लोणी बसलं!"

दुसऱ्या दिवशी तिने आठही डबे रिकामे करून त्यांत वाळवलेल्या सफरचंदाच्या पातळ चकत्या भरल्या. माझ्या डब्यातली बिस्किटं तिला सापडली नाहीत. ती मी गावाच्या हितासाठी आदल्या संध्याकाळीच संपवली होती.

वीब्रनने फेरी मात्र सोडली नाही. सोडली असती तर तो बिस्किटांसाठीच येत होता असं दिसलं असतं. सायकल टाकून तो चालत यायचा, एक चकती उचलायचा, झाकण बंद व्हायचं. ती चकती खिडकीतल्या उजेडासमोर धरून तो बराच वेळ तिच्यातून पलीकडे बघत बसे. भुकेने त्याची चाल हलकी आणि बोलणं सावकाश झालं. बांधावर उताणा पडून तो ढग बघायचा. जुलैत त्याला त्यांत साय दिसे. ऑगस्टात नुसते ढग दिसू लागले, तेव्हा हिस्केने त्याला वजनकाट्यावर उभं केलं. एकोणनव्वद.

स्पर्धेच्या दुपारी वारा पडला होता. कालवा इतका निश्चल होता की त्यात दुसरं आभाळ ठेवल्यासारखं वाटत होतं. पलीकडच्या वाळूजवळ हिस्के उभी होती, दोन्ही हात पोटाशी घट्ट धरून.

वीब्रन धावला, काठीला बिलगला आणि चढू लागला. गेल्या वर्षी जिथे तो थांबला होता, ती जागा मागे पडली. आणखी वर. मग काठी सरळ उभी राहिली आणि थांबली.

ती का थांबली, कुणाला सांगता येणार नाही. टोकाशी वीब्रन, वर एक आभाळ, खाली दुसरं. गाईसुद्धा रवंथ करायच्या थांबल्या, असं मी म्हणणार नाही, पण मला तसं वाटलं. त्याने मान वळवली आणि एकेका छपराकडे निवांत बघितलं.

"वीब्रन!" हिस्के ओरडली. "झोपलास का तिथे?"

त्याने तिच्याकडे बघितलं, अंग पुढे टाकलं. काठी तिच्या बाजूला कलली, आधी विचार केल्यासारखी, मग घाईने. तो वाळूत गुडघ्यांवर उतरला. कोरडा.

ऊपके टेप घेऊन धावत आला. "झालं! नाव राहिलं तुझं! अंतर ऐकायचंय?"

"थांब जरा," वीब्रन म्हणाला. "मी अजून वरच आहे."

हिस्के त्याच्या शेजारी वाळूतच बसली. दोघंही वर बघत राहिली, पलीकडच्या फलाटावरून पुढचा पोरगा ओरडेपर्यंत, "काका, काकू, सरका की! मी येतोय!"