माशांचे फोटो

ईश्वरीने कॅमेऱ्याला लेन्स उलटी बसवली होती. तशी बसवली की मुंगी घोड्याएवढी दिसते, हे तिने वाचलं होतं. उलट्या लेन्सची फोकसची कडी फिरवून उपयोग नसतो, श्वास रोखून आपणच केसभर मागेपुढे व्हायचं असतं, हे मात्र तिला उशिरा कळलं. तोवरचे तिचे सगळे कीटक धुक्यात हरवले होते. वाशीतल्या प्रदर्शनासाठी एक तरी रेखीव फोटो आज संध्याकाळपर्यंत द्यायचा होता. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या मुलीला साधी माशी टिपता येऊ नये, हे तिला सहन होईना.

म्हणून ती सकाळच्या गारव्यातच दिवाळे गावच्या मासळीबाजारात गेली. गारव्यात माशा सुस्त असतात, आणि तिथे त्या शोधाव्या लागत नाहीत. जाईबाई कोळीण नुकती पापलेटं मांडत होती.

"मावशी, माशांचे फोटो काढू का?"

वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष होतं.

"काढ की! थांब जरा." जाईबाईने पापलेटांवर पाणी मारलं, मोठं होतं ते पुढे ओढलं, पदर सारखा केला आणि हसून बसली.

ईश्वरीने पाटीत जवळजवळ नाक खुपसलं. कल्ल्यावर एक हिरवी माशी पाय चोळत होती. ईश्वरी किंचित पुढे झुकली. क्लिक. पडद्यावर माशीचा डोळा उमटला, त्यातलं एकेक भिंग वेगळं दिसावं इतका स्पष्ट. तिचा पहिलाच रेखीव फोटो.

"दाव," जाईबाई म्हणाली. तिने बराच वेळ बघितलं. "मी कुठं हाय?"

"तुम्ही नाही आलात."

"नि पापलेट?"

"ते मागे रुपेरी धूसर दिसतंय ना, ते."

"नि ही कोन?"

"माशी. म्हणजे मी माशांचे म्हणाले ते…"

"अगो बाय! माझ्या मालावर रेड्याएवढी माशी! कोन घेल माझं पापलेट? पूस आधी."

"मासळी कुणाची, ते कुणालाच कळणार नाही हो."

"मला कळतंय ना."

ईश्वरीने फोटो पुसला. खरंच पुसला का, हे जाईबाईने तपासलं, आणि मग पोरीचं तोंड बघितलं.

"रडू नको. माशीच पायजे ना? त्या गोजराकडं जा. तिथं लय बसतात."

"तुझ्याकडनं जेवून येतात त्या!" पलीकडून गोजरा ओरडली.

शेवटी जाईबाईने थोडी आतडी एका फुटक्या खोक्यावर टाकली. "ही जागा कोनाचीच नाय. काढ."

माशा पापलेटावरच राहिल्या. जाईबाई फडक्याने त्यांना हाकू लागली. "जा की तिकडं, फोटू काढतेय ती!" एक खोक्यावर गेली. ईश्वरीने श्वास रोखला.

"पापलेट कसं दिलं?" पिशवी घेतलेले एक गृहस्थ म्हणाले.

"शूऽ." जाईबाईने भाव कुजबुजत सांगितला. गृहस्थांनी कुजबुजतच निम्म्यावर आणला. गोजराही गप्प झाली.

क्लिक.

डोळा पुन्हा आला होता. पंख धूसर होते, पण डोळा होता.

"हितं मागं काय हाय?" जाईबाईने विचारलं.

"खोक्याचं लाकूड."

"मग दे धाडून."

ईश्वरीने तिथूनच फोटो पाठवला. गृहस्थांनी मधलं पापलेट कापून मागितलं, अजून कुजबुजतच.