पाळण्यामागची भिंत

"ताई, रंग कुठलाही लावा, पण हा डबा बुजवू नका," वायरमनकाका शिडीवरून म्हणाले होते. मी "हो हो" म्हटलं. माझं लक्ष भिंतीकडे होतं, त्यांच्याकडे नव्हतं.

मला तेव्हा सहावा महिना होता. मेन स्विचची पेटी नेमकी बाळाच्या खोलीत, पाळणा ठेवायचा त्याच भिंतीवर होती. ती पुढच्या दारापाशी हलवायची ठरली. मला वाटलं, इथून उचलायची, तिथे ठोकायची. पण घरभरच्या वायरी जुन्या जागेपर्यंतच पुरत होत्या. म्हणून काकांनी जुना डबा तसाच ठेवला आणि त्यात एकेका वायरीला नवा तुकडा जोडून तो दारापर्यंत नेला. वर पांढरं झाकण, चार स्क्रू.

"जोड म्हणजे रुसका जावई," ते म्हणाले. "सारखा नजरेसमोर हवा."

महिन्याभराने रंगकाम निघालं, आणि ते झाकण माझ्या डोळ्यांत खुपायला लागलं. गवंड्याने ते काढलं, थापीच्या दांड्याने वायरी आत कोंबल्या, वर जाळी, प्लास्टर, पुट्टी. भिंत अशी गुळगुळीत, की मी तिचा फोटो काढला.

बाळ झाल्यावर तो फोटो दवाखान्यात, लसीकरणाच्या रांगेत, एका बाईला दाखवलाही. तिला जुळं होतं, दोघंही रडत होती. त्यांचीही पेटी नुकतीच हलवलेली, आणि बाळांच्या डोक्यावर ते झाकण. "किती घाण दिसतं हो!" ती म्हणाली.

"बुजवून टाका की," मी म्हटलं. "काही होत नाही."

भौतिकशास्त्राची पदवी घेतलेली मी. सैल जोड का तापतो, यावर परीक्षेत पैकीच्या पैकी मिळवलेले.

बाळ पाच महिन्यांचं झालं तेव्हा खोलीत कसलासा वास यायला लागला. शिळ्या मासळीसारखा, यायचा नि जायचा. "आधी लंगोट बघ," सासूबाई म्हणाल्या. बघितला. कोरडा. गिझर लावला की दिवा मिणमिणतोय, असंही वाटायचं. मी दिवसातून दहादा भिंतीला हात लावायची. पाळणा पुढे ओढायची, कुणी हसलं की परत मागे ढकलायची.

"काय गं, भिंतीला ताप आलाय का?" नवऱ्याने विचारलं.

"पहिलटकरीण आहे," सासूबाई म्हणाल्या. "तिला दगडही आजारी दिसेल."

मीही हसले. पण एका सकाळी, गिझर चालू असताना, डावा हात बाळाच्या कपाळावर ठेवला आणि उजवा भिंतीवर. भिंत जास्त गरम होती.

बाळाला उचललं, मेन स्विच पाडला, काकांना फोन केला. न्हाणीघरात सासूबाईंच्या डोक्याला साबण तसाच होता. त्या आतून ओरडत होत्या, मी दाराबाहेर जिन्यात उभी.

काका आले. 'सांगितलं होतं' असं एकदाही म्हणाले नाहीत. छिन्नीने प्लास्टर फोडलं. गिझरच्या वायरीचा जोड तपकिरी होऊन वितळला होता. आवरण बोट लागताच गळून पडलं.

"मग एमसीबी का नाही पडली?" मी विचारलं.

"जास्त करंट ओढला तर ती पडते. इथे कुणी जास्त ओढलाच नाही. कोंबताना जोड सैल झाला, तो नुसता तापत राहिला." मग पाळण्याकडे बघून हळूच म्हणाले, "वासाकडे लक्ष दिलंत, बरं केलंत."

जोड नवे झाले, झाकण परत आलं. सासूबाई आता जाता-येता त्यावर हात ठेवतात, माझं लक्ष नसताना.

मला मात्र चैन नाही. त्या बाईचं नाव मी विचारलंच नव्हतं. दवाखान्यात तीनदा जाऊन आले. "असा नंबर देता येत नाही," म्हणाले. बरोबरच आहे त्यांचं. दारावर चिठ्ठी लावून आलेय, पण कोण वाचतं?

सात-आठ महिन्यांची जुळी बाळं, एक मुलगा, एक मुलगी. आई उंच, चष्मा लावणारी, बोलताना दोघांनाही एकदम झुलवणारी. ती तुमच्या इमारतीत असेल, शेजारच्या गल्लीत असेल. दिसली तर तिच्या घरी जा. ओळख नसली तरी बेल वाजवा. तिला आधी पाळणा हलवायला सांगा, मग त्या भिंतीवर हात ठेवून बघा. गरम लागली तर मेन स्विच पाडा आणि वायरमनला बोलवा. नाही लागली, तरी वायरमनकडून तो डबा उघडून बघायला सांगा. आणि हे आजच करा.